कामाच्या काळातली वाट
चंद्रपूर–गडचिरोलीत रस्ते घडत असताना पायी आणि सायकलने जाणाऱ्यांचे काय?

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांत सायकलस्वार आणि पादचारी यांच्यासाठी राखलेला, फलक लावून जाहीर केलेला स्वतंत्र मार्ग अगदी थोड्या ठिकाणी आढळतो. मात्र माणसे जिथून रोज पायी आणि सायकलने ये-जा करतात अशा सामायिक वाटा या जिल्ह्यांत सर्वत्र आहेत. डांबरी रस्त्याच्या दोन्ही कडांना मुरूम टाकून तयार केलेली साइडपट्टी, शेताकडे आणि जंगलाकडे जाणारी पांदण, झाडीपट्टीतील मालगुजारी तलावांची पाळ आणि चंद्रपूर शहरात गोंडकालीन परकोटालगतची वाट ही त्या सामायिक वाटांची प्रत्यक्षातली रूपे होत. यांपैकी बहुतेकांना नकाशावर नाव नसते आणि कामाच्या अंदाजपत्रकातही जागा नसते. त्यामुळे रस्ता रुंद करण्याचे, पूल बांधण्याचे किंवा नळयोजनेची वाहिनी टाकण्याचे काम सुरू झाले की सर्वांत आधी हीच वाट नाहीशी होते आणि काम संपल्यावर तिची आठवण सर्वांत शेवटी होते. काम चालू असलेल्या महिन्यांत ही वाट कशी राखावी, याचे शास्त्र देशात आणि जगात पुरेसे विकसित झालेले आहे. वनजिल्ह्यांच्या परिस्थितीत ते कसे लागू पडते आणि प्रत्यक्षात ते कुठे अडते, हे समजून घेणे येथील प्रत्येक गावाच्या दृष्टीने निकडीचे आहे.

ही निकड अलीकडच्या वर्षांत वाढली आहे, कारण या भागात रस्त्यांची कामे पूर्वी कधी नव्हती इतक्या वेगाने चालू आहेत. नक्षलग्रस्त भागांतील रस्त्यांसाठी केंद्र सरकारने २००९ मध्ये एक स्वतंत्र कार्यक्रम हाती घेतला आणि २०१६ च्या डिसेंबरात ग्रामीण जोडरस्त्यांसाठी दुसरी योजना मंजूर केली. या दोन्हींत गडचिरोलीचा समावेश होता. साकोलीहून वडसा, आरमोरी, गडचिरोली, आष्टी, आलापल्ली या मार्गाने सिरोंचाकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३५३-सी, धानोरा, गडचिरोली, सावली, मूल, चंद्रपूर यांना जोडणारा ९३० आणि आलापल्लीहून भामरागडकडे जाणारा १३०-डी यांवर रुंदीकरणाची आणि पुलांची कामे टप्प्याटप्प्याने होत आली आहेत. १ जानेवारी २०२५ रोजी एटापल्ली तालुक्यातील गट्टा–गर्देवाडा–वांगेतुरी या रस्त्यावर एसटीची बस प्रथमच धावू लागली. अशा गावांसाठी रस्ता म्हणजे दवाखाना, शाळा आणि रेशन यांची हमी होय. तेव्हा रस्ते व्हावेत की नाहीत हा येथे वादाचा विषयच नाही. मुद्दा एवढाच आहे की, रस्ता घडत असताना त्याच रस्त्याच्या कडेने पायी जाणाऱ्याला त्याची किंमत आपल्या हाडांनी मोजावी लागू नये.

वाटेवर कोण असते, आणि केव्हा

कोणत्याही कामाचे नियोजन वाट वापरणाऱ्याला ओळखण्यापासून सुरू होते. मोठ्या शहरांतील सायकल मार्गावर सकाळी व्यायामाला निघालेले नागरिक असतात, तर येथील साइडपट्टीवर दिवसाच्या प्रत्येक प्रहरात आणि वर्षाच्या प्रत्येक हंगामात वेगळी माणसे असतात. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या इयत्ता आठवी ते बारावीच्या मुलींना सायकल मिळते. त्यामुळे शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी रस्त्याच्या कडेने दोन-दोन, तीन-तीनच्या ओळीत चाललेल्या मुली हे या भागातील नेहमीचे दृश्य आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्यासाठी आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडण्यासाठी माणसे उजाडण्यापूर्वीच घराबाहेर पडतात. जुलै-ऑगस्टमध्ये धानाच्या रोवणीसाठी बायकांचे जथे बांध्यांकडे चालत जातात. आठवडी बाजाराच्या दिवशी एकाच सायकलीवर माणूस, पोर आणि कॅरिअरवर बांधलेली धानाची चुंगडी असा संसार चाललेला असतो. पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारे तरुण पहाटे याच रस्त्यांवर धावतात. ७ ऑगस्ट २०२५ रोजी गडचिरोली–आरमोरी मार्गावर काटली गावाजवळ पहाटे व्यायामासाठी निघालेल्या मुलांना ट्रकने चिरडले आणि चार मुलांचा जीव गेला. गावाला मैदान नसले की रस्त्याची कड हेच मैदान होते, हे या घटनेने सर्वांसमोर आणले.

या सर्वांची ये-जा मुख्यतः पहाटे आणि सायंकाळी होते, आणि उन्हाळ्यात तर ४५ अंशांच्या पुढे जाणारा पारा दुपारचा प्रवास जवळजवळ अशक्य करून टाकतो. उन्हामुळेच यंत्रांचे आणि मजुरांचे कामही सकाळी लवकर सुरू होते. म्हणजे वाटेवर माणसांची गर्दी आणि कामावर टिप्परांची गर्दी एकाच वेळी होते. तेंदूचा हंगाम, बाजाराचा वार, शाळेची वेळ आणि रोवणीचे दिवस यांचे साधे कोष्टक काम सुरू होण्यापूर्वी कंत्राटदाराच्या हाती दिले, तर खडीची ने-आण त्या तासांत थांबवता येते आणि त्यासाठी एक रुपयाही जास्त लागत नाही.

धोका नेमका कुठे असतो

काम चालू असलेल्या रस्त्यावर पादचाऱ्याला आणि सायकलस्वाराला होणारा धोका मोटारीच्या धोक्याहून वेगळ्या प्रकारचा असतो. पहिला धोका कडेच्या उंचीचा. जुन्या डांबरावर नवे थर चढत जातात तसा रस्ता वर येतो आणि साइडपट्टी खालीच राहते. सिमेंट काँक्रीटच्या रस्त्यात तर फरसबंदीची कड उभ्या भिंतीसारखी होते आणि तिची उंची वीतभर किंवा त्याहून अधिक भरते. मागून हायवा टिप्पर आला, हॉर्न वाजला आणि सायकलस्वाराने चाक थोडे खाली घेतले की पुढचे चाक कडेवरून घसरते. परत वर चढताना ते कडेला समांतर घासत जाते आणि सायकल आडवी होते, तीही बहुधा रस्त्याच्या बाजूला, म्हणजे येणाऱ्या चाकांखाली. साइडपट्ट्या भरलेल्या नाहीत ही तक्रार ग्रामीण महाराष्ट्रात इतकी नेहमीची झाली आहे की, तिच्यामागचे यांत्रिक कारण लक्षातच घेतले जात नाही. खरे तर उपाय साधा आहे: त्या दिवशीचा थर टाकून झाला की त्याच दिवशी कडेला मुरमाचा उतार देऊन तो दाबून घ्यावा, संपूर्ण रस्ता होईपर्यंत वाट पाहू नये.

दुसरा धोका खोदकामाचा. मोरीसाठी किंवा वाहिनीसाठी खोदलेला चर बहुतेक ठिकाणी नेमका साइडपट्टीतूनच जातो. त्यातून निघालेली माती उरलेल्या पट्टीवर टाकली जाते आणि शेजारी गिट्टीचा ढीग उभा राहतो. मग पायी चालणाऱ्याला डांबरावर येण्यावाचून पर्याय राहत नाही. दिवसा हे दिसते तरी. रात्री मात्र चराच्या तोंडाशी खोचलेली झाडाची फांदी किंवा चार दगडांची रांग हीच काय ती सूचना असते, आणि गाडीच्या दिव्यात ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. सायकलला तर दिवाच नसतो. तिसरा धोका जमिनीचा. राजुरा, कोरपना, वरोरा, भद्रावती या भागांतील काळी माती पावसाच्या पहिल्या सरीनंतर इतकी चिकट होते की ती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये दाटून बसते, चाक फिरेनासे होते आणि सायकल खांद्यावर घेऊन चालावे लागते. अशा मातीवर तात्पुरता वळणरस्ता काढताना मुरमाचा जाड थर नसेल, तर तो रस्ता पादचाऱ्याच्या लेखी बंदच असतो. चौथा धोका धुळीचा आहे. टँकरने पाणी मारण्याचे काम दिवसातून किती वेळा करावे हे ठरवून दिलेले नसेल, तर टिप्परांच्या मागे उडणारी धूळ सायकलस्वाराच्या फुप्फुसांत तर जातेच, शिवाय मागून येणाऱ्या वाहनाच्या नजरेतून त्याला पुसूनही टाकते.

नियम काय सांगतात

या प्रत्येक धोक्यावर लिखित उत्तर उपलब्ध आहे. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन रोड्स काँग्रेस (आयआरसी) या संस्थेने, जिची मानके देशभरातील रस्ते बांधणीत प्रमाण मानली जातात, कामाच्या ठिकाणच्या वाहतुकीसाठी ‘एसपी ५५’ या क्रमांकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली असून त्यांची सुधारित आवृत्ती २०१४ मध्ये निघाली. कामाची जागा म्हणजे केवळ खड्डा नव्हे, तर एकामागून एक येणाऱ्या टप्प्यांची साखळी, ही त्यामागची मूळ कल्पना आहे. पहिल्या टप्प्यात चालकाला पुढे काम असल्याची आगाऊ सूचना मिळते; दुसऱ्या टप्प्यात शंकूंच्या किंवा अडथळ्यांच्या तिरप्या रांगेने वाहतूक हळूहळू एका बाजूला वळवली जाते; तिसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष काम आणि त्याभोवती राखलेली मोकळी जागा असते; शेवटच्या टप्प्यात वाहतूक पुन्हा मूळ मार्गावर येते.

आगाऊ सूचना किती आधी हवी, याचे गणित थांबण्याच्या अंतरावर अवलंबून आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणाऱ्या चालकाला धोका दिसल्यापासून वाहन पूर्ण थांबवेपर्यंत सुमारे ८० मीटर अंतर लागते, असे रस्ते रचनेत गृहीत धरले जाते; वेग ताशी ४० किलोमीटर असेल तर हेच अंतर सुमारे ४५ मीटर होते. म्हणजे वेग एकतृतीयांशाने घटला की थांबण्याचे अंतर जवळजवळ निम्म्यावर येते. वळणावर किंवा जंगलाच्या दाट भागात, जिथे समोरचे तेवढे अंतर दिसतच नाही, तिथे कामाच्या जागी लावलेल्या फलकाचा उपयोग शून्य असतो. तो वळणाच्या अलीकडेच उभा असला पाहिजे, आणि त्याच्या जोडीला झेंडी घेतलेला माणूस हवा.

पादचाऱ्यांच्या सोयींसाठीच्या ‘आयआरसी १०३’ या मानकात पायवाटेची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि मोकळी उंची किमान २.२ मीटर असावी, असे सांगितले आहे. दोन माणसे एकमेकांना ओलांडू शकतील, किंवा सायकल हाताने ढकलत नेणाऱ्याच्या शेजारून दुसरा जाऊ शकेल, एवढी ही जागा आहे. ब्रिटनमध्ये रस्त्यावरील कामांसाठी जी आचारसंहिता आहे, तिच्यात तात्पुरत्या पायवाटेची रुंदी शक्यतो दीड मीटर आणि अगदी अडचणीच्या जागी एक मीटर असावी, त्याहून कमी नसावी, असे म्हटले आहे. काम चालू आहे म्हणून चालणाऱ्याचा हक्क कमी होतो, संपत नाही, असा याचा अर्थ आहे. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या बांधकाम विनिर्देशांत अर्ध्या रुंदीत वाहतूक चालू ठेवून उरलेल्या अर्ध्या भागावर काम करताना एका वेळी सर्वसाधारणपणे ५०० मीटरपेक्षा लांब तुकडा उघडू नये, असेही नमूद आहे. कित्येक किलोमीटर रस्ता एकदम उखडून ठेवणे आणि मग निधीअभावी किंवा पावसामुळे तो तसाच पडून राहणे, हा प्रकार या एका वाक्याच्या अंमलबजावणीने टळू शकतो.

कायद्याचीही जोड आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९८-अ हे कलम आले. रस्त्याचे आरेखन, बांधकाम किंवा देखभाल यांची ठरवलेली सुरक्षा मानके पाळली गेली नाहीत आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणा, कंत्राटदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कोट्यवधींच्या कामात ही रक्कम किरकोळ वाटेल. पण अपघाताची जबाबदारी केवळ चालकाची नसून रस्ता घडवणाऱ्याचीही असते, हे तत्त्व कायद्याने मान्य केले, हे महत्त्वाचे आहे.

मग अडते कुठे

नियम इतके स्पष्ट असताना वाट का मोडते, याचे उत्तर बांधकामाच्या हिशेबाच्या पद्धतीत सापडते. रस्त्याच्या कंत्राटात माती, खडी, डांबर, काँक्रीट, मोरी अशा प्रत्येक बाबीचे मोजमाप होते आणि मोजमाप पुस्तकात जेवढे नोंदले जाते तेवढ्याचे देयक निघते. कामाच्या काळातील वाहतूक व्यवस्था मात्र प्रचलित विनिर्देशांत कामाची आनुषंगिक बाब मानली जाते. म्हणजे ती करणे कंत्राटदाराला बंधनकारक आहे, परंतु तिचे स्वतंत्र पैसे मिळत नाहीत. जी बाब मोजली जात नाही तिच्यावर खर्च करण्याची ओढ कुणालाच नसते, आणि जिचे देयकच नाही तिचे देयक अडवून धरण्याची सोयही शाखा अभियंत्याकडे नसते. परिणामी, शंकू, रेडियम पट्ट्या, अडथळे, रात्रीचे दिवे, झेंडीवाले आणि मुख्य म्हणजे मुरूम दाबून केलेली तात्पुरती पायवाट हे सारे कंत्राटदाराच्या सद्भावनेवर सोडले जाते. एखादा कंत्राटदार ते मनापासून करतो. पण त्याने केलेल्या खर्चामुळे पुढच्या निविदेत तो महाग ठरतो.

यावरचा उपाय अंदाजपत्रकातच आहे. तात्पुरती पायवाट मीटरमध्ये मोजण्याची, अडथळे आणि दिवे दिवसागणिक मोजण्याची, झेंडीवाला मनुष्यदिवसांत मोजण्याची स्वतंत्र बाब निविदेत धरली, तर तीच गोष्ट कामाचा भाग बनते. मग ज्या दिवशी वाट नव्हती त्या दिवसाचे पैसे नाहीत, एवढा साधा हिशेब होतो. रस्त्याच्या एकूण खर्चात ही रक्कम अल्प असते, आणि एका अपघातानंतर एका कुटुंबावर येणाऱ्या कर्जापुढे तर ती नगण्यच ठरते.

पावसाची परीक्षा

या दोन जिल्ह्यांत कामाचे खरे वेळापत्रक पाऊस ठरवतो. वैनगंगा, वर्धा, प्राणहिता आणि इंद्रावती या मोठ्या नद्या आणि त्यांना मिळणारे असंख्य नाले पावसाळ्यात फुगतात. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दरवर्षीचे वास्तव आहे. नाल्यावर नवा पूल बांधताना जुना पूल तोडतात आणि शेजारी पाइप टाकून त्यावर मातीचा भराव घालून तात्पुरता रपटा तयार करतात. उन्हाळ्यातल्या कोरड्या नाल्याला पुरेल एवढेच पाइप घातले आणि पूल जूनपूर्वी झाला नाही, तर पहिल्याच पुरात रपटा वाहून जातो. आलापल्ली–भामरागड मार्गावर असे प्रकार घडले असून त्यामुळे वाहतूक बंद पडली आहे. मोटारीसाठी हा लांबचा वळसा असतो. पायी जाणाऱ्याला मात्र वळसाच नसतो. तो पाण्यात उतरतो, किंवा दवाखान्यात जायचे टाळतो.

म्हणून पुलाच्या कामात पादचाऱ्यांसाठी एक साधी अट घालता येते: नव्या पुलावरून माणूस चालू लागेपर्यंत जुना पूल पूर्णपणे तोडू नये, आणि तो धोकादायक असल्यामुळे तोडावाच लागला, तर पुराच्या पातळीच्या वरून जाणारा हलका लोखंडी पादचारी पूल पावसाळ्यापूर्वी उभा करावा. सायकल ढकलत नेता येईल एवढी रुंदी आणि दोन्ही बाजूंना कठडा असला की त्याचे काम भागते. काम संपल्यावर तोच पूल उचलून पुढच्या नाल्यावर नेता येतो.

वाघाच्या वाटेवर माणसाची वाट

वनजिल्ह्यातील कामाचे व्यवस्थापन इतर ठिकाणांहून आणखी एका कारणाने वेगळे आहे. ताडोबा हे १९५५ मध्ये जाहीर झालेले राज्यातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. त्याला १९८६ मध्ये घोषित झालेले अंधारी अभयारण्य जोडून १९९५ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. या प्रकल्पाच्या बाहेरही, ब्रह्मपुरीच्या जंगलांत, लोहारा-चिचपल्लीतून जाणाऱ्या चंद्रपूर–मूल रस्त्यावर आणि शहराला चिकटलेल्या वीज केंद्राच्या परिसरातही वाघाचा वावर आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या आवारात काम आटोपून घरी निघालेला एक कामगार वाघाच्या हल्ल्यात मरण पावला आणि वाटेलगतच्या झुडपांचा प्रश्न ऐरणीवर आला.

रस्त्याचे काम या परिस्थितीत अनेक बाजूंनी हस्तक्षेप करते. मातीचे ढिगारे आणि उपटून टाकलेली झुडपे वाटेच्या कडेला पडून राहिली की जनावराला आडोसा मिळतो आणि चालणाऱ्याची नजर अडते. मजुरांच्या तळावरचे उरलेले अन्न उघड्यावर टाकले की रानडुकरे आणि गावातली कुत्री जमतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट येतो. रात्रभर उघडा राहिलेला चर चितळाच्या पाडसाला जसा सापळा ठरतो, तसाच तो अंधारात घरी परतणाऱ्या सायकलस्वारालाही ठरतो. झुडपे तोडण्यातही विवेक लागतो: कड सपाट मोकळी केली की पहिल्या पावसानंतर तिथे कोवळे गवत उगवते, त्यावर चितळ येतात आणि त्यांच्या मागावर वाघ येऊ शकतो. म्हणून काढलेली झुडपे लगेच हलवणे, नंतर ठरावीक मुदतीने गवत कापणे, चराला दोन्ही टोकांना उतार देणे, मजुरांचा तळ जंगलाबाहेर ठेवणे आणि सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत काम बंद ठेवणे या अटी जितक्या वन्यजीवांच्या हिताच्या आहेत तितक्याच माणसांच्याही हिताच्या आहेत. वनजमिनीवरील कामांना परवानगी देताना अशा अटी घातल्या जातात; त्या वनविभागाच्या कागदावर न राहता बांधकाम विभागाच्या रोजच्या तपासणीत याव्यात, एवढेच अपेक्षित आहे.

महाराष्ट्राला याचा चांगला अनुभवही आहे. नागपूर–सिवनी दरम्यानच्या राष्ट्रीय महामार्ग ४४ चे पेंच परिसरात रुंदीकरण झाले तेव्हा राज्याच्या हद्दीत प्राण्यांसाठी ९ ठिकाणी रस्ता उचलून खालून जाण्याची सोय केली गेली. त्यांतील सर्वांत लांब बांधकाम ७५० मीटरचे आहे, आणि वाघांसह अनेक प्राणी त्यांचा नियमित वापर करतात, हे कॅमेऱ्यांच्या नोंदींतून दिसून आले. मोठा रस्ता बांधतानाही त्याला छेदून जाणारी जुनी वाट अखंड ठेवता येते, हे तिथे सिद्ध झाले. जनावराच्या वाटेसाठी जे तत्त्व मान्य झाले, ते माणसाच्या वाटेला नाकारण्याचे कारण उरत नाही.

पाळ, परकोट आणि ग्रामसभा

तलावाच्या पाळीची आणि परकोटाची गोष्ट थोडी निराळी आहे. मालगुजारी तलावांच्या पाळी दुरुस्त करताना किंवा गाळ काढताना जेसीबी आणि ट्रॅक्टर पाळीवरूनच फिरतात, आणि गावातून शेतात जाणारी सोयीची वाट महिनोन् महिने बंद राहते. ट्रॅक्टरसाठी तलावाच्या पोटातून वेगळा मार्ग काढला, तर पाळ चालणाऱ्यांना मोकळी राहते आणि तिची माती सैलही होत नाही. चंद्रपूरच्या परकोटाची स्वच्छता ‘इको-प्रो’ या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी २०१७ पासून श्रमदानाने केली आणि झुडपांत हरवलेली तटालगतची वाट नागरिकांना फिरण्यासाठी पुन्हा खुली झाली. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रण, अशी तरतूद २०१० च्या कायदा दुरुस्तीने केलेली असल्यामुळे तिथे गटार किंवा रस्त्याचे काम करताना पुरातत्त्व विभागाची संमती आणि वाटेची निगा या दोन्ही गोष्टी एकत्रच पाहाव्या लागतात.

ग्रामीण भागात संमती देताना वाटेची निगाही पाहण्याची हीच भूमिका ग्रामसभा बजावू शकते. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार रस्त्यासारख्या सार्वजनिक सोयीसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळती करायची असेल आणि हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तुटणार नसतील, तर ग्रामसभेच्या शिफारशीने ती देता येते. ही शिफारस करताना अटी घालण्याची संधी गावाला मिळते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, आणि आपल्या जंगलाचा कारभार आपण अभ्यास करून चालवू शकतो हे त्या गावाने देशाला दाखवून दिले. जे गाव बांबूची तोड आणि विक्री यांचा हिशेब ठेवू शकते, त्या गावाला आपल्या हद्दीतील रस्त्याच्या कामावर रोज पायवाट उघडी होती की नाही, याची नोंद ठेवणे मुळीच अवघड नाही.

सूचना कोणत्या भाषेत पोचते, हाही यातला मोठा भाग आहे. भामरागड-एटापल्लीत माडिया, सिरोंच्यात तेलुगू आणि मूलचेरा-चामोर्शीच्या काही गावांत बंगाली घराघरांत बोलली जाते; अशा ठिकाणी केवळ मराठी किंवा इंग्रजी अक्षरांचा फलक अर्ध्या माणसांपर्यंत पोचतच नाही. चित्रांचा फलक, बाजारात दिलेली दवंडी आणि झेंडीवाला म्हणून त्याच गावातला तरुण नेमणे हे तीन मार्ग स्वस्त आणि खात्रीचे आहेत. गावातला झेंडीवाला मुलींना नावाने ओळखतो, शाळा कधी सुटते हे त्याला सांगावे लागत नाही, आणि त्याच्या हातातली झेंडी टिप्परचालकही सहसा डावलत नाही.

आधी वाट, मग काम

या साऱ्या विवेचनाचा निष्कर्ष कामांच्या क्रमाशी संबंधित आहे. सध्याच्या पद्धतीत आधी रस्ता उखडला जातो आणि मग लोक आपली वाट शोधतात. हा क्रम उलटा केला पाहिजे. कार्यारंभाचा आदेश मिळाल्यावर कंत्राटदाराचे पहिले काम पर्यायी पायवाट आणि सायकलवाट तयार करणे हे असावे, शाखा अभियंत्याने आणि ग्रामसभेच्या प्रतिनिधीने ती चालून पाहावी, आणि त्यानंतरच पोकलेनला रस्त्यावर उतरू द्यावे. कामाच्या माहिती फलकावर रक्कम, मुदत आणि दोषदायित्व कालावधी लिहितात तशीच तात्पुरत्या वाटेची लांबी, रुंदी आणि तक्रारीसाठी जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम लिहिले जावे. काम संपल्याचा दाखला देताना डांबराची जाडी तपासतात त्याच वेळी साइडपट्टी भरली आहे का, ढिगारे उचलले आहेत का आणि तोडलेल्या सावलीच्या झाडांच्या जागी मोह, चिंच, कडुनिंब लावले आहेत का, हेही तपासले जावे. कारण ४५ अंशांच्या उन्हात सावली हाही वाटेचाच भाग असतो.

यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवे तंत्रज्ञान किंवा नवा कायदा लागत नाही. मानके लिहिलेली आहेत, अधिकार दिलेले आहेत आणि गावे सक्षम आहेत. उणीव आहे ती फक्त पायी चालणाऱ्याला रस्त्याचा पूर्ण हक्काचा वापरकर्ता मानण्याची. चंद्रपूर आणि गडचिरोलीतील पुढच्या प्रत्येक निविदेत कामाच्या काळातली वाट ही स्वतंत्र, मोजली जाणारी आणि देयक मिळणारी बाब म्हणून आली, तर नव्या रस्त्याचा लाभ त्याच्या उद्घाटनाच्या दिवसापासून नव्हे, तर काम सुरू झाल्याच्या दिवसापासून गावाला मिळू लागेल.